उताराची बाजू

कोंबडा दुसऱ्यांदा आरवला तेव्हा सेंग रोई उखळाशी उभी होती. भात कांडून झाल्यावर तिने डुकरांना कोंडा टाकला, झऱ्यावरून बांबूच्या नळकांड्यांत पाणी आणले, शिजलेला भात केळीच्या पानांत बांधला, आणि ओसरीवर बसून मागाचा पट्टा कमरेला आवळला. तिचा दीर तांग पहाटेपासून त्याच ओसरीवर बसून होता. त्याने चहाला हात लावला नव्हता.

पलटणीचा कारकून उन्हे अंगणात आल्यावर पोचला. लढाईपूर्वी तो मिशनच्या शाळेत शिकवी, म्हणून सारे डोंगर त्याला ब्रांग मास्तरच म्हणत.

“काय हा चढ, तांग दादा! जपानी इथून का पळाले ते आज कळलं. तुमच्या बंदुकीला नाही, या वाटेला घाबरून पळाले.”

“शाळेत तुम्ही खुर्ची सोडत नव्हता, मास्तर. चढाला कशाला बोल लावता?”

सेंग रोई मागावरून म्हणाली आणि स्वतःच हसली. तांग हसला नाही.

मास्तराने पिशवीतून कागद काढले. तांगला शौर्यपदक मिळायचे होते. त्यासाठी लढाईतली कामगिरी आणि घराण्याचा इतिहास दोन्ही लिहून न्यायचे होते. कामगिरी आधीच टिपलेली होती. मास्तराने ती वाचून दाखवली. शिपाई मारान तांग याने न्जांग ओढ्याच्या वाटेवर उताराच्या बाजूला गवतात बांबूच्या टोकदार खुंट्या रोवल्या. शत्रूची तुकडी येताच समोरून गोळीबार केला. शत्रूने आडोशासाठी उताराकडे उड्या घेतल्या. सतरा ठार. आपला एकही नाही.

“बरोबर?”

“हो,” तांग म्हणाला.

“आता घराणं. आजा, बाप झाले. तांग म्हणजे पाचवा मुलगा. आधीचे चार?”

त्या डोंगरांत मुलाचे नाव त्याच्या क्रमानेच पडते; गाळायचा म्हटला तरी भाऊ गाळता येत नाही.

“मधले तिघे लहानपणी देवीच्या साथीत गेले. गाम थोरला.”

“तो कसा गेला?”

हा प्रश्न येणार हे तांगला ठाऊक होते. उत्तरही तयार होते. दोन वर्षांपूर्वी त्याने ते सेंग रोईला दिले होते. जपान्यांनी गामला वाटाड्या म्हणून धरून नेले, तळावरून पळताना गोळी घातली, मी तिकडेच पुरला. कापणी संपली की रिवाजाप्रमाणे थोरल्या भावाची ही विधवा बायको म्हणून तांगच्या घरात येणार होती. तेच उत्तर आज पुन्हा दिले असते, तर काही बिघडणार नव्हते. खरे सांगितले, तर ती माहेरी निघून जाईल आणि तिचे भाऊ सुरे घेऊन येतील.

मास्तराने लेखणी टेकवली. “तळावर गोळी लागून, असं गावात ऐकलंय. तेच लिहू?”

तांगने भावजयीकडे पाहिले. ती सुटलेला धागा दाताने तोडत होती.

“नाही. न्जांगच्या वाटेवर गेला. माझ्या खुंट्यांवर.”

माग थांबला.

“तुकडीच्या पुढे तोच होता,” तांग एका सुरात बोलत राहिला. “मी त्याला पाहिला होता. वाटलं, पहिला बार झाला की तो चढाकडे उडी घेईल. चढाची बाजू आपल्या माणसांसाठी मोकळी ठेवायची, हा आमच्या बापाचा नियम. म्हणून मी मागच्या शिपायावर गोळी झाडली. पण गाम गांगरला. उताराकडे गेला.”

मास्तराने लेखणी खाली ठेवली. सेंग रोईने कमरेचा पट्टा सोडला.

“भावजी, खुंट्या रोवायला तुम्हाला कोणी शिकवलं?”

“गामनंच.”

“लग्नानंतर पहिल्यांदा रानात गेलो, तेव्हा मी उताराच्या बाजूनं चालले म्हणून हात धरून मला वर ओढलं होतं त्यानं. शिव्या दिल्या होत्या. झोपेतसुद्धा चुकला नसता तो.” तिचा आवाज चढला नाही. “जपानी या वाटेवर पहिल्यांदाच आले होते ना?”

“हो.”

“मग गोळी सुटल्यावर उडी कुठं घ्यायची, हे त्यांना कोण सांगणार?”

तांगला आता उमगले. अनोळखी डोंगरात शिपाई वाटाड्या जिकडे उडी घेईल तिकडेच उडी घेतात. वाटाड्या चढाकडे गेला असता, तर सतराही जण त्याच्या मागे चढाकडेच गेले असते. तिथे मोकळे गवत होते, आणि समोर तांग एकटा होता.

“मला दोन वर्षं खोटं सांगितलंत,” सेंग रोई म्हणाली. “त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. पण तो गांगरला, असं पुन्हा म्हणू नका.”

तांगने कागद आपल्याकडे ओढला. त्याला वाचता येत नव्हते. “मास्तर, यात माझं नाव कुठं आहे?”

मास्तराने बोट ठेवले.

“तिथं गाम लिहा.”

“तांग दादा, तो शिपाई नव्हता. वरचे लोक हे मानणार नाहीत. कदाचित पदकच रद्द होईल.”

“लिहा.”

मास्तराने तांगच्या नावावर सरळ रेघ मारली आणि वर मारान गाम लिहिले. तांगने अंगठ्याला शाई लावली. मास्तराने पदक घेणाऱ्याची जागा दाखवली. तांगने नकारार्थी मान हलवली. मग पानाच्या तळाशी, जिथे पाहणाऱ्याने साक्ष द्यायची असते, तिथे त्याने अंगठा उठवला.