सरांच्या मागून

सात छत्र्या, कोपऱ्यात उभ्या.

टेरिलीनचा पांढरा शर्ट, पहिल्यांदाच घातलेला.

शिपायाच्या खिशात घडी केलेली चिठ्ठी: पुस्तकाचं नाव, खाली मुलीचं नाव.

फळ्याखालची लाकडी पायरी, एका बाजूनं हलणारी.

अकराचा टोल.

मुलींच्या खोलीत सात जणी वह्या छातीशी धरून उभ्या होत्या. तास असा सुरू व्हायचा: सर या खोलीच्या दारावरून जात, मुली त्यांच्या मागून ओळीनं वर्गात शिरत आणि डावीकडच्या पहिल्या दोन बाकांवर बसत. तास संपला की सरांच्या मागूनच बाहेर. कॉलेज उघडल्यापासून असंच होतं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता.

आज सर आले नाहीत. शिपाई जानराव आला.

"सर रजेवर हायेत. जा पोरीहो घरी."

विमलनं छत्री उचलली. कोकिळा हलली नाही.

विद्यार्थी मंडळाच्या चिटणीसपदासाठी तिनं अर्ज भरला होता. मतदान उद्या सकाळी. तिला एकच गोष्ट हवी होती: मुलींना वाचनालयात स्वतः जाऊन पुस्तक काढता यावं. आजवर चिठ्ठी जानरावाच्या खिशातून जायची, पुस्तक त्याच्याच काखेतून यायचं. पण वर्गात बोलायची वेळ म्हणजे सर यायच्या आधीची पाच-दहा मिनिटं, आणि सर यायच्या आधी मुली वर्गात नसत. अर्ज भरून पंधरा दिवस झाले, तरी मुलांनी तिचा आवाज ऐकलेला नव्हता.

"वर्गात कोन हाय, जानरावभाऊ?" तिनं विचारलं.

"सारेच. पंजाबराव भाषन देऊन राह्यला."

पंजाबराव, पिंपळगाव राजा या गावचा. त्याच पदाचा दुसरा उमेदवार.

"काय म्हनते?"

जानराव घुटमळला. "म्हनते, चिटणीस झाली तरी सभेले सरांच्या मांगंमांगंच येईन थे."

मुली हसल्या. कोकिळाही हसली, थोडी. मग तिनं वही विमलच्या हातात दिली.

"सर नाहीत ना वं," विमल म्हणाली. "कोनाच्या मांगं जाशीन?"

व्हरांडा बावीस पावलांचा होता.

वर्गात बाकं वाजत होती. "बोल बे पंजाब!" नव्या शर्टाच्या बाह्या वर सारून पंजाबराव सरांच्या टेबलावर हात आपटत होता.

दारात निळ्या पातळाचा काठ दिसला.

बाकं थांबली. पहिली रांग उठली. मग दुसरी. मग सगळा वर्ग, ऐंशी मुलं, हात बाजूला सोडून, रोज सरांसाठी उठत तशी. पंजाबरावानं टेबलामागून उडी घेतली. पायरी कलली, त्याचा पाय मुरगळता मुरगळता राहिला. धावत आपल्या बाकाशी जाऊन तो ताठ उभा राहिला.

निळं पातळ आत आलं. त्याच्या पुढे कोणी नव्हतं.

तरी कोणी बसलं नाही. बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

"सर कुठी हायेत बे?" मागून कोणीतरी कुजबुजलं.

"चूप."

कोकिळा पायरी चढली. पायरी हलली. ती थांबली, मग दुसरा पाय वर ठेवला आणि वळली. या तोंडांसमोरून ती वर्षभर मान खाली घालून गेली होती. एकही तिला नीट ओळखू येईना. पाठ केलेलं पहिलं वाक्य आठवेना. दुसरंही.

"बसा," ती म्हणाली.

वर्ग बसला.

'सर आज रजेवर आहेत' ही ओळ तिच्या पाठीमागच्या फळ्यावर सकाळी दहापासून होती. अक्षर पंजाबरावाचं होतं.