सोमवारचं मौन

विजयालक्ष्मीकाकूंचं सोमवारी मौन असे, सकाळच्या पूजेपासून सांजवात लावेपर्यंत. त्या सोमवारी दुपारी त्या ड्रायव्हर नसलेल्या टॅक्सीतून एकट्याच मंदिरात निघाल्या होत्या. कॅनडातल्या विनिपेगच्या बर्फात एका वळणावर गाडीला धप्पकन काहीतरी लागलं. गाडी थांबली आणि गोड आवाजात इंग्रजीतून विचारू लागली, "बाहेर कुणाला लागलंय का? मदत हवी असेल तर 'हो' म्हणा. उत्तर आलं नाही, तर दहा सेकंदांनी आपण पुढे निघू."

काकूंनी मागच्या काचेतून पाहिलं. बर्फात काहीतरी निळं पडलं होतं. त्यांचे ओठ विलगलेसुद्धा. पण अकरा वर्षांत एकही सोमवार मोडला नव्हता. कुणाची तरी ताडपत्री उडून आली असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली, आणि गाडी निघाली.

संध्याकाळी त्या वात लावायला बसल्या, तोच सून उल्का फोन घेऊन आली. "आई, ऐकलंत का? टॅक्सीनं एका म्हाताऱ्याला उडवलं. अर्धा तास जिवंत होता हो बर्फात! आत पॅसेंजर होता म्हणे, नाव सांगत नाहीयेत. गाडी विचारतेय आणि हा आपला गप्प! माणूस होता की दगड?"

वात पेटली. मौन सुटायची वेळ झाली होती.



आता वर्ष झालं, मंदिरातल्या बायका काकूंना वाकून नमस्कार करतात आणि म्हणतात, "सातही वार मौन! आमच्याच्यानं नाही हो व्हायचं."