मेरीचा चेहरा

ऑईल पेंटिंग शिकायची परवानगी श्रेयाला मिळाली, ती दोन अटींवर. शेंद्र्याला कंपनीत निघता निघता तिचा नवरा इंद्रजीत म्हणाला होता, "एकच चित्र काढायचं. ते झालं की क्लास बंद. अन् एकटीनं जायचं नाय, आईला सोबत न्यायचं."

सरांनी तिला पाचशे वर्षांपूर्वीचं इटलीतलं चित्र बघून काढायला दिलं, बाळ येशूला घेतलेली मेरी. गुलमंडीच्या बाजारातल्या क्लासच्या माडीवर श्रेया रंगवत राही आणि सासू आवडाबाई खिडकीशी स्टुलावर पहाऱ्याला बसत. लग्न होऊन तीस वर्षं झाली, पण त्यांनी गुलमंडी पहिल्यांदा पोटभर पाहिली, ती याच खिडकीतून.

एकेक थर वाळायलाच आठवडा लागे, म्हणून श्रेयाला आठ महिने तरी मिळाले. आज मात्र मेरीच्या चेहऱ्यावरचा शेवटचा थरही झाला. "झालं की तुमचं चित्र!" सर म्हणाले. श्रेया ब्रश गोळा करून उठली. उद्यापासून पुन्हा त्याच चार भिंती.

ब्रश धुऊन ती परत आली आणि जागीच थिजली. मेरीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत चार बोटं ओढलेली. कुंकू फिसकटावं तसा ओला रंग फिसकटलेला.

"आत्याबाई, हे काय झालं?"

आवडाबाई खाली बाजाराकडं बघत पदराला बोटं पुसत होत्या.



"हात लागला गं माझा. आता अजून किती महिने यावं लागंल आपल्याला?"