नवी कोरी जाळी

मशीनच्या पोटातली जाळी बाहेर आली आणि द्वारकाबाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं. एवढे महिने रात्रंदिवस हवा साफ करणारं मशीन, पण जाळीवर डाग म्हणून नाही. दुकानातून आत्ताच आणल्यासारखी.

टीपॉयवर टेकवलेल्या मोबाइलमधून त्यांचा मुलगा शिवम पुण्याहून बोलत होता. "काळी पडली असेल बघ, आई. जालना रोडची धूळ आहे ती. गॅलरीत नेऊन हलक्या हातानं झटक."

"काळी पडायला मी काय येडी हाय? प्लास्टिक काढलंच नाय मी तिचं. नवी कोरी हाय अजून."

द्वारकाबाईंच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक निघत नसे. टीव्हीचा रिमोट आलेल्या पिशवीतच होता. सोफ्यावर बसलं की चर्र आवाज व्हायचा आणि पाहुणे दचकून उठायचे. वस्तू जपावी ती द्वारकाबाईंनीच, असं शेजारच्या बायका म्हणत. हसून म्हणत, पण म्हणत.

मोबाइल गप्प झाला. रेंज गेली असं वाटून त्यांनी तो उचलून कानाला लावला.

"आई," शिवम हळूच म्हणाला, "प्लास्टिकमधून हवा जाईल कशी?"

द्वारकाबाईंनी जाळी उलटीपालटी करून पाहिली. प्लास्टिक चारी बाजूंनी घट्ट होतं, कुठं टाचणीएवढं भोक नव्हतं.

"दिवा तर लागत होता की रे. पंख्याचा आवाज पण यायचा."

"पंखाच फिरत होता नुसता. जाऊ दे आता. काढ ते, आणि जाळी परत बसव. बाबांना काही बोलू नको, उगीच मनाला लावून घेतील."

फोन ठेवून त्यांनी प्लास्टिक दातांनी फाडलं, जाळी बसवली, बटन दाबलं. मशीनचा आवाजच बदलला. भरदार, खोल आवाज आला आणि समोरचा पडदा हलला. इतक्या महिन्यांत तो कधी हलला नव्हता, आणि हे आपल्या कसं लक्षात आलं नाही म्हणून द्वारकाबाईंना रडूच आलं. त्यांच्या नवऱ्यानं, नानासाहेबांनी उभा जन्म एसटी चालवली, डिझेलचा धूर खाल्ला. अटॅक येऊन गेल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, धूळ आणि धूर हृदयाला वाईट. आणि आपण खिडक्या गच्च लावून घेऊन त्यांना तीच हवा पाजत बसलो.

जिन्यावर पावलं वाजली. त्यांनी प्लास्टिकचा बोळा करून घाईघाईनं उशीमागं सारला.

पूर्वी ही पावलं मधल्या वळणावर थांबायची. बराच वेळ थांबायची. द्वारकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. मशीन आलं आणि पावलं थांबेनाशी झाली. आताही नानासाहेब दोन मजले एका दमात चढून आले.

"चष्मा राह्यला. फारूखभाई पेपर घेऊन बसलाय खाली."

"आलाच हाव तर गोळी घ्या."

"संध्याकाळची गोळी आजपासून बंद."

"ते का म्हणून?"

"हे बघ, दोन मजले चढून आलो. धाप लागली का?" ते छाती काढून उभे राहिले. "हे मशीन हाय तवर गोळ्या कशाला गिळू? फारूखभाईला पण तेच सांगून आलो."

"डॉक्टरला इचारलं का?"

"डॉक्टर काय माझा जिना चढून बघतो?" नानासाहेबांनी मशीनच्या डोक्यावर थाप मारली. डेपोतून गाडी काढताना बॉनेटवर मारायचे तशी. "आज तर लईच जोरात हाय गडी!"

द्वारकाबाई गोळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. शिवमचं ऐकून गप्प बसावं, तर हे गोळी घेणार नाहीत. बोलावं, तर हा ताठ उभा राहिलेला माणूस परत खाटेला लागायचा. त्यांना दोन्हीकडून भीती वाटत होती. पण गोळी चुकण्याची भीती मोठी होती.

त्यांनी उशीमागून बोळा काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"हे काय?"

"जाळीवरचं. आत्ता काढलं. इतके दिवस तसंच होतं, अहो. मशीन नुसतंच फिरत होतं. हवा साफ होत नव्हती. चुकलं माझं."

नानासाहेबांनी तो बोळा उलगडला. चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा पाहिला. आता घर डोक्यावर घेणार म्हणून द्वारकाबाईंनी मान खाली घातली. पण ते ओरडले नाहीत.

"म्हंजी इतके दिवस जिना म्याच चढलो?"

"तुम्हीच!" द्वारकाबाई घाईनं म्हणाल्या. "तुम्हीच की. दुसरं कोण?"

नानासाहेबांच्या चेहऱ्यावर हसू येतंय असं वाटलं. मग ते आलंच नाही. त्यांनी हात पुढं केला, गोळी घेतली आणि ते पेलाभर पाणी प्यायले.

खालून फारूखभाईंची हाक आली. "नानासाहेब! चष्मा मिला क्या?"

"आलो, आलो."

ते दाराबाहेर गेले. पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि थांबले. वाकून खाली पाहिलं. आडात पाहावं तसं. मग इतक्या महिन्यांत हात न लावलेला कठडा त्यांनी घट्ट धरला.

"द्वारके," मागं न वळता ते म्हणाले, "खालपर्यंत येतीस का?"