चोवीस दात्यांची पेटी

"चाकाला दाते किती हवेत?" सुताराने विचारले.

"चोवीस," ती म्हणाली.

"नक्की?"

"कागदावर चोवीसच आहेत."

सुताराने पेन्सिलीने वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली तो नको तितका वेळ रेघ ओढीत राहिला. तिचे नाव मात्र त्याने विचारले नाही. विसारही घेतला नाही.

"नाव लिहून घ्या की. मग पेट्यांची अदलाबदल व्हायची."

"होणार नाही, बाई. काम लक्षात राहतं."

त्याच्या दुकानातील फळीवर अनेक पेट्या मांडलेल्या होत्या. त्या होत्या लाकडाच्या, परंतु पाहणाऱ्यास लोखंडाच्या वाटाव्यात अशा. कडेने रिव्हेटांच्या रांगा, कोपऱ्यांना नटबोल्ट, झाकणावर दातेरी चाके. हे सारे कोरकामाच्या यंत्राने कोरलेले आणि वर करडा रंग चढवलेला. हौशी लोक त्या नेऊन दिवाणखान्यात ठेवीत. तिला हौस नव्हती. तिला एक प्रकरण मिटवायचे होते.

तिचा नवरा कारखान्यात अवजड माल उचलणाऱ्या यंत्रावर होता. तीन वर्षांपूर्वी त्या यंत्राचे मोठे चाक घसरले, वर उचललेला ठोकळा खाली आला आणि तो व त्याचा जोडीदार, दोघेही जागच्या जागी गेले. त्याच दिवशी सकाळी डबा घेताना तो म्हणाला होता, "चाक कुरकुरतंय. दोनदा सांगून झालं, पण ऐकतो कोण?"

चौकशीत तिने हे सांगितले. साहेब म्हणाले, बायकोच ती, नवऱ्याचीच री ओढणार. पुढे छापील अहवाल आला. "चाकाचे सर्व चोवीस दाते शाबूत. यंत्रात दोष नाही. चालकाने खिटी न लावल्याने अपघात." खाली तपासनिसाची कोंबडीच्या पायासारखी सही. त्या तपासनिसास तिने तीन पत्रे लिहिली. नोकरी सोडून गेले, असा शेरा घेऊन तिन्ही परत आली.

पूर्वी कारखान्यातील माणसे वाटेत भेटली की "वहिनी, बरं आहे ना?" म्हणून थांबत. अहवालानंतर ती रस्ता ओलांडून पलीकडे जाऊ लागली. जोडीदाराची आई याच गल्लीत राहत असे. ती हिला पाहून खिडकी लावून घेई. आणि ज्या माउलीने तिच्या नवऱ्याला नऊ महिने पोटात वाहिले, तिनेच त्याची तसबीर भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवली होती.

"छापलेलं खोटं असतं का?" सासू म्हणे.

अखेर ती थकली. त्याचा बिल्ला, त्याचा चष्मा आणि तो अहवाल एका पेटीत घालून झाकण कायमचे लावून टाकावे, एवढेच तिने ठरवले. चाक तेवढे त्याच्या यंत्राचे हवे होते. त्या चाकाला तो पोटच्या पोरासारखे पुसत असे.

आठ दिवसांनी ती चौथ्यांदा गेली, तेव्हाही पेटी तयार नव्हती. सुताराच्या पायाशी चार झाकणे पडली होती. प्रत्येकावर चोवीस दाते, रेषेत रेष.

"अहो, हे तर झक्क झालंय! मग अडलं कुठं?"

"जमलं नाही."

"यंत्र चुकलं?"

"यंत्र चुकत नाही, बाई. माणूस सांगेल तेच ते कोरतं." असे म्हणून त्याने पाचवी फळी घेतली, डोळ्याला भिंग लावले आणि पेन्सिलीचे टोक टेकवीत पुटपुटत मोजू लागला.

"फार वर्षं करताय हे काम?"

"नाही. लाकडाला हात उशिरा लागला. आधी कागद काळे करत होतो."

घरी सासू वाटच पाहत होती. "चौथी खेप झाली. पेटी करतोय की जहाज?"

"काम बारीक आहे त्याचं."

"आणि विसार नाही घेतला म्हणे? ज्याचा हात पैशापुढे आखडतो ना सूनबाई, त्याचं मन कुठंतरी अडकलेलं असतं. लोकांना तोंडं आहेत. एवढी अब्रू तरी राहू दे."

सुताराचे ते तिच्या नजरेस नजर न देणे तिला आठवले, आणि मनात पाल चुकचुकली. आता एकदाच जायचे, असे तिने ठरवले.

पुढच्या सोमवारी पेटी तयार होती. तिने उभ्याउभ्याच पिशवी उघडली. बिल्ला ठेवला, चष्मा ठेवला, अहवाल चौघडी करून ठेवला. झाकण लावले. मग राहवले नाही म्हणून तिचे बोट चाकावरून फिरू लागले. एक, दोन, तीन. तेविसाशी बोट अडखळले. पुढे दात्याच्या जागी नुसता खुंट होता. सारे चाक करडे, आणि तेवढ्या खुंटावर तांबूस गंजाचा रंग दिलेला.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "अहो, हा तुटलाय! इतके दिवस घालवून शेवटी नासवलंतच ना?"

"नासलं नाही. तसंच कोरलंय."

"मी चोवीस सांगितले होते!"

"कागदावर चोवीस आहेत," सुतार म्हणाला.

ती खुंटावर बोट ठेवून तशीच उभी राहिली. सुताराने भिंग डोळ्यावरून काढले, अंगावरचा भुसा झटकला आणि प्रथमच तिच्याकडे नीट पाहिले.

"गंज जुनाच होता, वहिनी. चौकशीत दाते मीच मोजले होते."