वन्समोअर

चांद्याच्या कोर्टानं वारलूला बायकोच्या खुनातून निर्दोष सोडलं. भागीरथा साप चावूनच मेली, असं डॉक्टरानंही सांगितलं. पण लोकांनी काही त्याला सोडलं नाही. ज्या नटाच्या एका गाण्यासाठी माणसं बैलगाड्या जुंपून यायची, त्याला नागपूरच्या पेपरांनी वर्षभर गळा दाबणारा म्हणून छापलं होतं. आता कुठलीच नाटकमंडळी त्याला दारात उभं करीना.

शेवटी नानाजी मॅनेजरनं शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या जत्रेतल्या नाटकात काम दिलं. नाटक त्याच्याच खटल्यावर होतं आणि वारलूनं त्यात वारलूच व्हायचं होतं.

"पन नानाजीभाऊ, मी तिले मारलं नाई. साप चावला तिले."

"सापाले पाहाले तिकीट कोन काढते, वारलू?"

पोटापुढे इलाज नव्हता. नाटकाच्या दिवशी मंडपात पाय ठेवायला जागा उरली नाही. भागीरथा झालेल्या नटाच्या गळ्याला वारलूनं नुसती बोटं लावली आणि त्याला रडूच फुटलं.

"नाटक नोको करू बे! खरं दाखव!" पब्लिक ओरडलं.

वारलूनं दात आवळले आणि खरंच गळा दाबला. नटाचे डोळे पांढरे झाले, तो कोसळला, आणि मंडप टाळ्याशिट्ट्यांनी दणाणून गेला.

"वन्समोअर! वन्समोअर!"

वर्षभरात त्याच्या वाट्याला टाळी आली नव्हती. वारलूनं वाकून नमस्कार केला आणि भागीरथाला पुन्हा उभं राहायची खूण केली.