काचेवर टकटक करू नये

नव्या टाकीतले चारही मासे दगडामागे लपून बसले, खाईनात, रंगही उडालेला. मी घाबरून दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, "काकू, पाणी नवं, जागा नवी, बावरलेत बिचारे. हा कागद टाकीवर चिकटवा आणि तसंच वागा."

कागदावर लिहिलं होतं: 'काचेवर टकटक करू नये. सारखं डोकावू नये. बळेबळे खायला घालू नये. कोपऱ्यात बसले तर बसू द्यावे.'

मी घरात जमावबंदीच लागू केली. ह्यांना टाकीजवळ फिरकू दिलं नाही. गेल्याच आठवड्यात लग्न होऊन आलेल्या सुनेच्या दारावर तर दिवसातून पाचदा टकटक करून, आत डोकावून बजावलं, "माशांना त्रास देऊ नकोस हं! आणि हे एवढं खाऊन टाक, मी काही ऐकून घेणार नाही. एकटी काय बसतेस कोपऱ्यात?"

चौथ्या दिवशी मासे टाकीभर हुंदडायला लागले. मला कोण आनंद! सुनेला सांगायला धावतच गेले आणि टकटक करायला हात उचलला.

टाकीवरचा कागद तिच्या दारावर चिकटवलेला होता.